अकराची फेरी

"एकवीस!" ओजस ओरडला आणि आम्ही सगळे एका सुरात बोंबललो, "जुळलं!"

पेपर सुटला की आमच्या क्लासची ही रीतच आहे. आधी घरी फोन करायचा नाही, आधी पाणीसुद्धा प्यायचं नाही. गेटबाहेर घोळका करायचा आणि उत्तरं जुळवायची. प्रवेश परीक्षा संगणकावर असते, प्रश्नपत्रिका काही हातात मिळत नाही. म्हणून बाहेर पडता पडता आठवतील ती उत्तरं पेनाने मनगटावर लिहून घ्यायची. मग एकाने आकडा ओरडायचा, ज्यांचा तोच असेल त्यांनी "जुळलं" म्हणून बोंब ठोकायची. माझी आई म्हणते, "झालं गेलं, आता जुळवून काय ते उत्तर बदलणारे?" नाही बदलत. पण एकट्याने घाबरण्यापेक्षा घोळक्यात घाबरलेलं बरं असतं, हे तिला कोण सांगणार.

मी शिवन्या हंगरगे. मूळची उदगीरची. दोन वर्षं लातूरला एका खोलीत आईबरोबर राहून प्रज्ञाशिखर क्लासला जाते. पप्पा उदगीरला औषधाचं दुकान बघतात आणि शनिवारी येतात. लातुरात माझ्यासारख्या पोरी आणि माझ्या आईसारख्या आया गल्लोगल्ली सापडतील.

तर त्या दिवशी लिंबूसोड्याच्या गाड्याभोवती आम्ही तीसेक जण होतो. ऊन असं, की डांबराला चपला चिकटत होत्या. गणिताचा तो प्रश्न सोपाच होता. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक, परिमिती सत्तावीस, असे वेगवेगळे त्रिकोण किती? पर्याय दिलेले नव्हते, नुसता रिकामा चौकोन. सगळ्यांच्या मनगटावर एकवीस. तनिष्का तर नाचायला लागली.

तेवढ्यात जुई आली.

जुई मस्के म्हणजे आमच्या क्लासमधली कायमची पहिली. तिचं जे उत्तर तेच उत्तर, एवढा आमचा तिच्यावर विश्वास. ओजसने लांबूनच विचारलं, "जुई, त्रिकोण किती?"

"एकोणीस."

"चल गं! उगाच घाबरवू नको."

"एकोणीसच आहेत रे," ती म्हणाली. तिने सोड्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर भराभर लिहून दाखवलं. मोठी बाजू नऊ असेल तर एकच त्रिकोण. दहा असेल तर दोन. अकराला चार, बाराला पाच, तेराला सात. एक, दोन, चार, पाच, सात. बेरीज एकोणीस.

सगळ्यांचे चेहरे पडले.  पण मीही तेच केलं होतं. नऊपासून तेरापर्यंत, त्याच क्रमाने. एकही त्रिकोण मी जास्तीचा धरला नव्हता.

"मग एकवीस आले कुठून?" मी म्हणाले. "मी स्वतः मोजले की!"

"कसे मोजलेस?"

"कसे म्हणजे? बोटांवर."

"दाखव."

मी डावा हात पुढे केला आणि अंगठा पेरांवरून फिरवायला लागले. आपण सगळे मोजतो तसंच. करंगळीची तीन पेरं, मग शेजारच्या बोटाची, मग मधल्या बोटाची, मग पहिल्या बोटाची. एका बोटाला तीन, चार बोटांना बारा. हात संपला की बारा झाले, दुसरी फेरी सुरू.

"थांब," जुई म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. "पुन्हा कर. सावकाश."

मी पुन्हा केलं आणि या वेळी मलाही दिसलं. करंगळीची तीन पेरं झाली. शेजारच्या बोटाची खालची दोन झाली. आणि माझा अंगठा वरच्या पेराला न शिवता उडी मारून सरळ मधल्या बोटावर गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपला आपण गेला.

"ओजस, तू कर," जुई म्हणाली.

ओजसचा अंगठाही तिथेच उडाला. मग तनिष्काचा. मग बाकीच्यांनीही हात वर केले आणि गाड्याभोवती तीस अंगठे एकाच वेगाने सरकत गेले, एकाच जागी उडी मारून पुढे गेले. कुणीतरी हसायला गेलं, पण ते हसू काही बाहेर आलं नाही.

जुईने ओढणीतला डावा हात बाहेर काढला. तिच्या करंगळीशेजारच्या बोटाला वरचं पेर नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं. दोन वर्षं बघून बघून आता कुणाचं लक्षही जात नसे.

"माझी फेरी अकराची आहे," ती म्हणाली. "मला एक पेरच कमी आहे, म्हणून मी ती जागा ओलांडते आणि हात संपला की अकरा धरते. तुमची बोटं धड आहेत. तुम्ही का उडी मारताय?"

तिथेच सगळी चूक होती. आमचे अंगठे जुईसारखे उडत होते, पण हात संपला की आम्ही लहानपणापासूनच्या सवयीने बारा म्हणत होतो. अकरा मोजायचे आणि बारा धरायचे. दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच उडी, पुन्हा एक जास्त. एकोणिसाचे एकवीस. सरावात पर्याय असायचे, आपला आकडा त्यात नसला की आपण परत मोजतो, म्हणून इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पट्टी," ओजस हळूच म्हणाला.

सगळ्यांच्या डोक्यात तेच आलं होतं.

पट्टीचं मी थोडक्यात सांगते, कारण ती आता गावोगाव झाली असली तरी ती काय करते ते फार थोड्यांना ठाऊक आहे. दिवसा शिकलेलं आपला मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात, आणि त्या लाटांच्या माथ्यावर दिवसभरातल्या वाटा एकेक करून परत चालल्या जातात. जी वाट जास्त वेळा चालली जाते ती पक्की होते, बाकीच्या बुजतात. कपाळाला बांधायची पट्टी, आम्हा सगळ्यांना क्लासनेच दिलेली, या लाटा ओळखते आणि नेमक्या क्षणी कानामागे इतका बारीक ठोका देते, की जागही येत नाही. मेंदूला वाटतं, हं, हीच वाट, पुन्हा चला. इथपर्यंतचं जुनं आहे. नवीन शोध लागला तो असा, की कुठल्या वाटेला कधी ठोका द्यायचा हा क्रम दुसऱ्या माणसाच्या मेंदूवरून उतरवून घेता येतो. हुशार मुलगा गणित सोडवत असताना त्याचा ठसा घ्यायचा आणि तोच ठसा इतरांच्या झोपेत वाजवायचा. महिन्याभरात इतरही त्याच वाटेने विचार करायला लागतात. गणित आपल्यालाच करावं लागतं, पण कुठून सुरुवात करायची हे आपोआप सुचतं. मला ते सुचायला लागलं तेव्हा मी आनंदाने रडले होते, खोटं कशाला बोलू.

"माझा ठसा घेतला होता," जुई म्हणाली. "पण सर म्हणाले होते चाळीस जणांचे घेतलेत. सगळ्यांचे एकत्र करून एक बनवणार."

मी सोड्याची बाटली डाव्या हातात घेतली. बर्फातली बाटली. तळहाताला गार लागली, बोटांना गार लागली. फक्त करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाला काहीच लागलं नाही. मी ते टोक बाटलीवर दाबलं, घासलं. काही नाही. जणू ते माझं नव्हतंच.

आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या रसवंतीत घुंगरं वाजली. चरक फिरायला लागला. आमच्यातले सगळे, अगदी सगळे, एकदम मागे सरले. तनिष्काने हात छातीशी घट्ट धरला. एवढ्या उन्हात दुसऱ्या क्लासची पोरं तिथे झुंबड करून उसाचा रस पीत होती आणि आमचं एकही पोर तिथे फिरकलं नव्हतं. मला उसाचा रस जीव की प्राण. पण मी शेवटचा कधी प्याले ते मला आठवेना.

जुई आमच्याकडे बघत होती. "तुम्हालाही भीती वाटते?" तिने विचारलं. "माझे अप्पा रसवंती चालवतात. माझं बोट चरकातच गेलंय."

 ज्याने त्याने आपापली रिक्षा पकडली.

खोलीवर आले तर आई दारातच उभी. "कसा गेला?"

मी तिला सगळं सांगितलं. आई मध्ये मध्ये "अगं बाई" म्हणत होती. मी बोटाचं सांगितलं तेव्हा तिने बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि माझ्या बोटाच्या टोकाला टोचली. रक्ताचा थेंब आला. मला काही कळलं नाही. आईनेच हात झटकला, तिलाच दुखल्यासारखा.

 मग म्हणाली, "शिवे, एक विचारू? आपल्यात अप्पा कोण आहे गं?"

"अप्पा?"

"दोन महिने झाले तू झोपेत ओरडतेस. 'अप्पा, बंद करा. अप्पा, बंद करा.' मला वाटलं परीक्षेचा ताण. म्हटलं आता सांगितलं तर आणखी घाबरशील." तिचे डोळे भरून आले. "मी उठून तुला थोपटते तर तू माझा हात झिडकारतेस आणि अप्पांनाच बोलवतेस. आपल्या घरात कुणी कुणाला अप्पा म्हणत नाही."

 तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडून एक माणूस मायेने म्हणाला, "बाळा, कसा गेला पेपर?" आणि देवाशपथ सांगते, हा कोण बोलतोय ते मला पटकन कळलंच नाही. मग कळलं. पप्पा होते. मी फोन आईच्या हातात कोंबला, न्हाणीघरात गेले आणि दार लावून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या हॉलमध्ये आम्ही आणि आमच्या आया. कुलथे सर आले. क्लास त्यांचाच. माणूस कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही नाही.

"पालकहो, घाबरण्यासारखं काही नाही. ठसे चाळीस घेतले हे खरं. पण एकाचा ठसा इतका स्वच्छ आला की यंत्राने तोच धरला, बाकीचे आपोआप गळाले. त्यात एक सवय जास्तीची आली."

"आणि भीती?" मी उभी राहून विचारलं. "रसवंतीची भीती कुठल्या धड्यात होती, सर?"

हॉलमध्ये खसखस पिकली आणि लगेच विझली. सर म्हणाले, "मेंदूत कपाटासारखे कप्पे नसतात, शिवन्या. ज्या वेळी माणूस मोजायला शिकतो त्या वेळचं बाकीचंही त्याला चिकटतं. ती मुलगी अपघातानंतर दवाखान्यात पडल्या पडल्या बोटांवर मोजायला शिकली असणार. मोजणं आलं तर थोडं तेही आलं. पण नुसती धास्ती आलीय, बाकी काही नाही."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. परीक्षेची दुसरी संधी दहा दिवसांवर होती. दोन्हीतले चांगले गुण धरतात. एक वाट दुरुस्तीची. ठशातला अंगठ्याच्या उडीचा तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि उरलेला ठसा दहा दिवस दुप्पट जोराने चालवायचा. दुसरी वाट पट्टी काढून टाकायची. मग ठसा हळूहळू बुजेल.

"आणि गणित?" ओजसच्या आईने विचारलं.

"तेही बुजेल. एकाच गाठीत बांधलंय ते. थोडं राहील, जे त्यांचं स्वतःचं होतं तेवढं."

"आणि माझी पोरगी कुठल्या गाठीत आहे, सर?" माझी आई म्हणाली. तिला इतक्या लोकांत बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या बाईंकडे वळले. त्या सकाळी जवळजवळ सगळ्यांनी दुरुस्ती घेतली. ओजसनेही. "शिवन्या, वेडी आहेस का तू?" तो मला म्हणाला. "एका बोटाचं टोक! त्याच्यापायी सीट घालवू?"

मी आईला म्हटलं, मला विचार करू दे. खरं तर मला जुईला भेटायचं होतं. ती क्लासच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत बसली होती. कालपासून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, जणू तिनेच आमच्या घरात चोरी केली होती. उलट चोरी तिच्याकडे झाली होती, हे मला तिथे तिचा चेहरा बघून कळलं.

"कसं झालं होतं गं ते?" मी विचारलं. "बोटाचं?"

"पाच वर्षांची होते. अप्पा गिऱ्हाईक बघत होते. मी खेळता खेळता हात घातला." तिने हे असं सांगितलं, की हजार वेळा सांगून झालेलं असावं.

"खोटं," मी म्हणाले.

मी म्हणाले खरं, पण का म्हणाले ते मलाच ठाऊक नव्हतं. माझं तोंड पुढे बोलत गेलं. "तू मागे सरली होतीस. तुला घुंगरांची मजा वाटत होती, पण चरकाची भीती वाटत होती. अप्पांनी तुझ्या हातात उसाचं कांडकं दिलं. म्हणाले, घाल की, काही होत नाही..."

जुईने माझ्या तोंडावर हात ठेवला. 

"गप्प बस," ती म्हणाली. "गप्प बस, गप्प बस. हे तू कुणाला सांगितलंस?"

मी मान हलवली. कुणालाच नाही. मलाच ते आत्ता कळलं होतं.

मग ती रडत रडत बोलली. दवाखान्यात अप्पा तिच्या उशाशी रात्रंदिवस बसून होते. तिला रडू येऊ नये म्हणून तिच्या बँडेज बांधलेल्या हाताची पेरं मोजून दाखवायचे. म्हणायचे, "जगाची फेरी बाराची, माझ्या जुईची अकराची, म्हणून माझी जुई सगळ्यांच्या आधी पोचते." आणि एकदा आई बाहेर गेल्यावर ते तिचे पाय धरून ओक्साबोक्शी रडले. म्हणाले, "तूच खेळता खेळता हात घातलास, असं सांगशील ना आईला?" तिने हो म्हटलं होतं. आणि तेव्हापासून तेच सांगत आली होती.

"आईने लग्नाआधीपासून बजावलं होतं, पोरांना चरकाजवळ आणायचं नाही," जुई म्हणाली. "तिचा भाऊ मळणीयंत्रात गेला होता. तिला कळलं तर ती अप्पांचं तोंड बघणार नाही. आणि अप्पा... अप्पा जगणार नाहीत, शिवन्या. ते अजून रोज पहिला ग्लास मला देतात आणि माझ्याकडे बघत नाहीत."

"माझ्या तोंडून निघणार नाही," मी म्हणाले. "आईशप्पथ."

"तुझ्या तोंडून आत्ता निघालं."



"मग मी पट्टी काढते," मी म्हणाले. "आजपासूनच."

"आणि गणित?"

"जाईल तर जाईल." मी फुशारकीने म्हणाले. दोन वर्षं. आईची दोन वर्षं, पप्पांची एकट्याची पोळीभाजी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला गणित आवडायला लागलं होतं.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. जुईचं गुपित तर सांगता येईना, म्हणून अर्धवटच सांगितलं. दुरुस्ती थांबवा, नुसती धास्ती नाही येत, आठवणी येतायत. सर हसले. "शब्द येत नाहीत, जुई. शब्द वेगळीकडे असतात. अजून कुणी तशी तक्रार केलेली नाही." मी केली की आत्ता, असं मी म्हणाले. ते म्हणाले, तू मैत्रीण आहेस, तुला ऐकून ठाऊक असेल.

खोलीवर येऊन मी पट्टी आईच्या हातात दिली. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. तिने पट्टी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "आज तू माझ्या कुशीत झोपायचंस. ओरडलीस तरी मी हात काढणार नाही."

नंतरचे दिवस वाईट गेले. गणित जाताना एकदम जात नाही. पुस्तक उघडलं की प्रश्न ओळखीचा वाटायचा, सुरुवातही व्हायची, आणि मग मध्येच पुढचं पाऊल कुठे ठेवायचं ते दिसायचं नाही. आधी चार ओळीत सुटायचं त्याला पानभर लागायला लागलं. दुसरीकडे, बोटाला मुंग्या येऊ लागल्या. एका सकाळी आईने चहाचा कप हातात दिला आणि ते टोक चटकन भाजलं. मी "आई गं!" म्हणून किंचाळले आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. झोपेतलं ओरडणंही कमी झालं, आई म्हणाली. पप्पांचा आवाज मला पहिल्या शब्दात ओळखू यायला लागला. मला वाटलं, वाचले मी.

क्लासमध्ये मात्र सगळे सुसाट होते. ओजसचे सरावातले गुण छप्पर फाडून वर गेले. अंगठ्याची उडी गेली, सर जिंकले. फक्त ओजसचे डोळे खोल गेले होते. मी विचारलं तर म्हणाला, "झोप होते गं, पण झोपेत सारखं कुठंतरी जावं लागतं. निळी पाटी आहे, चिंचेचं झाड आहे. रोज तिथेच."

 मी जुईला सांगितलं.  ती म्हणाली, "रविवारी घरी येतेस? आमच्या पाटीचा रंग निळा आहे."

रविवारी, म्हणजे दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी, सकाळी मी औसा रस्त्याला जुईकडे गेले. चिंचेखाली पत्र्याची शेड, पुढे रसवंती, मागे घर. अप्पा म्हणजे एक बुटका, हसरा माणूस, खांद्यावर पंचा. मला बघून म्हणाले, "या या, आमच्या जुईच्या मैत्रीण ना? बसा, बाळ." जुईची आई, म्हणजे काकू, पाण्याच्या टपाजवळ बसून ग्लास विसळत होत्या. अप्पांनी बटण दाबलं, घुंगरं वाजली, आणि मी जीव मुठीत धरून बसून राहिले. भीती आली, पण लांबून आली. मी रसाचा ग्लास घेतला आणि संपवला. जुईने माझा हात दाबला.

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. ओजस उतरला.

"हा कसा आला?" जुई पुटपुटली. तिने त्याला कधी पत्ता दिला नव्हता.

तो आमच्याकडे बघतही नव्हता. तो पाटीकडे बघत होता, मग चिंचेकडे, मग चरकाकडे. त्याच्या मागून एका रिक्षातून तनिष्का आणि आणखी दोघी उतरल्या. मग एक गाडी थांबली आणि एक मुलगा चालत्या गाडीतून उतरावं तसा उतरला. त्याच्या वडिलांनी मागून हाक मारली, "अरे, इथं काय आहे? कुठं चाललास?" तो थांबला नाही. मग बसमधून चार जण. मग सायकली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाने डाव्या हाताचं तेच बोट उजव्या मुठीत घट्ट धरलं होतं.

अप्पा खूश झाले. "अगं, ग्लास काढ गं, क्लासची पोरं आलीत!" ते काकूंना म्हणाले. "किती करू रे, पोरांनो?"

ओजस पुढे झाला. मिसरूड फुटलेला, सहा फुटी ओजस. त्याचा ओठ लहान पोरासारखा थरथरला आणि तो म्हणाला, "अप्पा."

"अरे! मी तुझाही अप्पा का?" अप्पा हसले.

"अप्पा, बंद करा," तनिष्का म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

अप्पांनी मोटर बंद केली. ते या हातांकडे बघत होते, त्या मुठींकडे. एकेका चेहऱ्याकडे बघत त्यांनी पंचा खांद्यावरून काढला आणि तोंड पुसलं, आणि त्यांचा हात तोंडावरच राहिला. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं.

जुई धावली. ती ओजसच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली आणि त्याला दोन्ही हातांनी ढकलायला लागली. "जा इथून! घरी जा! उद्या पेपर आहे ना तुमचा? जा!"

"घाल की," ओजस तिच्या डोक्यावरून अप्पांना म्हणाला. त्याचा आवाज त्याचा नव्हता, पाच वर्षांच्या मुलीचा होता. "तुम्हीच म्हणालात. घाल की, काही होत नाही."

"काही होत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "काही होत नाही," आणखी कुणीतरी.

काकू उठल्या. त्यांच्या हातांवरून पाणी गळत होतं. त्या अप्पांकडे बघत नव्हत्या, जुईकडे बघत होत्या. "जुई," त्या म्हणाल्या, "ही पोरं काय म्हणतायत?"

जुई वळली. तिने चेहरा सरळ केला, आवाज सरळ केला, आणि इतकी वर्षं जे सांगत आली होती तेच तिने पुन्हा सांगितलं. "काही नाही, आई. तुला माहितेय ना? मी खेळता खेळता हात घातला. मीच घातला होता."

"नाही," सगळे एकदम म्हणाले.

त्यात माझाही आवाज होता.